गुरांच्या खाद्याची मळी, घरची रम आणि १.०६२ वर अडकलेला वॉश

पिंपातला_बोका

मंडळी नमस्कार, बरेच दिवस नुसतं वाचत होतो, आज पहिल्यांदाच तोंड उघडतोय आणि तेही रडगाणं घेऊन. रमची हौस जुनी आहे. पण खाण्याची मळी छोट्या बाटल्यांत मिळते, ती घेऊन बॅच लावायची म्हणजे वॉशच्या (गाळायच्या आधी आंबवायला लावलेलं मळीचं पाणी) आधी खिसाच आंबतो, म्हणून यावेळी पशुखाद्याच्या दुकानातून गुरांना घालतात ती पातळ मळी आणली, मोठा कॅन, किंमत ऐकून दोनदा विचारलं नक्की ना म्हणून. ऊसच आहे, बीट नाही, ते आधीच विचारून घेतलेलं. कॅनवर लिहिलंय ७९.५ ब्रिक्स (विरघळलेलं सगळं मिळून टक्के), एकूण साखर ४८ टक्के.

तर केलं काय ते सांगतो. ५ किलो मळी, थोडं गरम पाणी घालून ढवळली, मग गार पाण्याने एकूण २० लिटर केलं. हायड्रोमीटर (पाण्याच्या तुलनेत घनता दाखवणारं मीटर, साधं पाणी म्हणजे १.०००) १.०७६. कुठेतरी वाचलेलं की यीस्टला आंबट आवडतं म्हणून सायट्रिक ॲसिड घालत घालत पीएच ४ वर आणला (सुरुवातीला ५.४ होता). बेकरीचं सुकं यीस्ट २० ग्रॅम, वॉश ३० अंशाला होता तेव्हा वर भुरभुरलं, झाकण, एअरलॉक (वायू बाहेर सोडणारी पण हवा आत न घेणारी नळी), आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी काहीच नाही. तिसऱ्या दिवशी एअरलॉकमधून एखादा बुडबुडा, तोही उपकार केल्यासारखा. आज सहावा दिवस, मीटर १.०६२ दाखवतोय आणि कालपासून तिथून हलायला तयार नाही. वास वाईट नाहीये, गोडसर आणि जरासा व्हिनेगरसारखा पण व्हिनेगर नाही, नेमकं सांगता येत नाही.

यीस्ट जुनं असेल म्हणून त्यातलंच कोमट साखरपाण्यात टाकून पाहिलं तर दहा मिनिटांत फसफसून वर आलं, म्हणजे यीस्ट जिवंत आहे. आता अजून यीस्ट टाकू का साखर टाकू का सगळं ओतून देऊ? आणि हो, मी राहतो तिथे स्वतःपुरतं घरी गाळायला कायद्याची आडकाठी नाही, त्यामुळे त्यावर प्रवचन नको प्लीज.

शंकेखोर

साखर टाक दोन किलो, पळेल. आणि तसंही गुरांच्या मळीची रम म्हणजे रम नव्हेच, उगाच नाव मोठं.

अर्धवट_केमिस्ट

साखर अजिबात टाकू नकोस रे बाबा. जो घोडा उठतच नाहीये त्याच्या पाठीवर अजून एक पोतं कशाला. १.०६२ ला साखरेचा तुटवडा नाहीये, साखर भरपूर आहे, खाणाराच गप्प बसलाय.

यीस्ट जिवंत आहे, तापमान ठीक आहे, साखर आहे. मग वॉशमध्येच काहीतरी आहे जे त्याला खाऊ देत नाहीये. कॅनच्या मागची चिठ्ठी पूर्ण वाच आणि इथे टाइप कर, बारीक अक्षरातली सुद्धा. मला संशय आहे पण आत्ता बोलत नाही.

@शंकेखोर, रमची व्याख्या ऊस अशी आहे, मळी कोणाच्या तोंडी जाणार होती अशी नाही. युरोपातल्या नियमात ऊसाचा रस, काकवी किंवा मळी आंबवून ९६ टक्क्यांच्या खाली गाळलेली आणि किमान ३७.५ टक्के अल्कोहोलची असली की ती रम, अमेरिकेत ९५ च्या खाली आणि किमान ४०. गाईचा कुठे उल्लेख नाही. मोठ्या डिस्टिलऱ्या वापरतात ती सी मळी, म्हणजे तिसऱ्या उकळीनंतर साखर काढून उरलेली काळीकुट्ट, बऱ्याचदा त्याच टाकीतून पशुखाद्याला जाते. फरक पडतो तो टाकीतून निघाल्यानंतर त्यात कोण काय मिसळतं त्याने.

पिंपातला_बोका

चिठ्ठी अर्धी फाटलीय आणि मळीने माखलीय पण वाचली. "ऊसाची मळी, पाणी, प्रोपिऑनिक ॲसिड (बुरशीरोधक)". त्याखाली प्रमाण असावं पण तिथेच फाटलंय. एवढंच. हे प्रोपिऑनिक म्हणजे काय विषबिष आहे का? दुकानदाराला विचारलेलं यात काही घातलंय का तर तो म्हणाला शुद्ध मळी आहे, बिनधास्त न्या.

गोठ्यातली_ताई

दुकानदाराच्या लेखी शुद्धच आहे ती, तो गाईच्या बाजूने बोलतोय तुमच्या बाजूने नाही 😄

मी गुरं सांभाळते, रम वगैरे मला काही कळत नाही पण मळी मात्र रोज हातात असते म्हणून लिहिते. मळी घट्ट असते तोवर सहसा बिघडत नाही, साखर एवढी दाट असते की त्यात काही उगवतच नाही. पण तशी घट्ट मळी थंडीत पंपातून निघत नाही, आंबोणावर ओतायला गेलं की गोळा होतो, म्हणून काही ठिकाणी पाणी घालून पातळ करून विकतात, आणि पाणी घातलं की ती आंबायला लागते, बुरशी धरते. मग ते थांबवायला प्रोपिऑनिक घालतात. आमच्याकडे एकदा असंच झालं, बिनऔषधाच्या मळीच्या पिंपात पावसाचं पाणी गेलेलं, वरचा पातळ थर आंबला, झाकण फुगून घुमट झालं, आणि घरातल्या शहाण्याने ते उघडलं. आठवडाभर भिंत पुसत होतो.

विष नाही ते. गाईच्या पोटात प्रोपिऑनिक आपोआपच तयार होतं, तिथले जंतू करतात आणि गाय त्यातून शक्ती घेते. पण तुम्ही सांगा, जी वस्तू आंबू नये म्हणून औषध घालून विकतात तीच तुम्ही आणून म्हणताय का आंबत नाही?

आणि दादा, पुढच्या वेळी चिठ्ठी विकत घ्यायच्या आधी वाचा कारण प्रोपिऑनिक त्यातल्या त्यात गरीब. गुरांच्या पातळ खाद्यात युरिया असतो, मीठ असतं, फॉस्फरस असतं, वरून तेल सुद्धा घालतात धूळ बसावी म्हणून. काहींत मोनेन्सिनसारखं औषध असतं, गुरांना चालतं पण घोड्याला तेच मारक आहे. "मळीयुक्त पातळ खाद्य" असं लिहिलेलं असलं तर ती मळी नव्हे, ते जेवण आहे गाईचं, त्याला हात लावू नका. आणि सुकी मळी म्हणून पोत्यात भुसभुशीत मिळते ती तर भुशावर किंवा सोयाबीनच्या सालांवर शोषवलेली असते, ती कोणी आंबवायला नेली तर लगदा होईल नुसता.

अर्धवट_केमिस्ट

ताईंनी माझं अर्धं काम केलं, हाच संशय होता.

आता बोका, तुझा वॉश नेमका कशाने मेला ते सांगतो, आणि वाईट वाटून घेऊ नको, मळीतल्या प्रोपिऑनिकने त्याला नुसतं लुळं केलेलं, जीव तू घेतलास. सायट्रिकने.

प्रोपिऑनिक, ॲसिटिक, बेंझोइक ही जी बुरशीरोधक ॲसिडं आहेत ती दोन रूपांत असतात, एक अख्खं आणि एक तुटलेलं म्हणजे हायड्रोजन सुटलेलं. पेशीच्या पडद्यातून आत शिरतं ते अख्खं रूप. आत गेलं की तिथे पीएच जास्त असतो म्हणून ते तुटतं, आतलं वातावरण आंबट करतं, आणि यीस्ट बिचारं खाणं सोडून आत शिरलेला आंबटपणा बाहेर ढकलत बसतं, त्यातच त्याची ताकद संपते. आता अख्खं किती आणि तुटलेलं किती हे ठरतं पीएचवर. प्रोपिऑनिकचा पीकेए, म्हणजे ज्या पीएचला अर्धं अख्खं आणि अर्धं तुटलेलं असतं तो आकडा, ४.८७ आहे. गणित केलं तर पीएच ५.५ ला साधारण १९ टक्के अख्खं असतं, ४.५ ला ७० टक्के, आणि तू जिथे नेऊन ठेवलास तिथे, ४ ला, ८८ टक्के. म्हणजे कॅनमधल्या औषधाचा डोस तोच, पण तू आंबट करून त्याला जवळपास चौपट धार लावलीस.

आंबट करण्याचा सल्ला चुकीचा नाही, साध्या मळीला तो लागू आहे, ५ च्या आसपास किंवा जरा खाली ठेवलं की जिवाणू आवरतात आणि यीस्टला फरक पडत नाही. पण तरी ४ वर कशाला न्यायचं? आंबताना पीएच अजून खाली जातोच आपोआप. मळीत पोटॅशियम कॅल्शियमचे क्षार खूप असतात त्यामुळे ती पटकन घसरत नाही एवढंच, बाकी साखरपाण्याचा वॉश असता तर कधीच तळाला गेला असता.

पिंपातला_बोका

अरे देवा. म्हणजे न घातलं असतं तर चाललं असतं 🤦 बरं मग उकळून ते उडवता येईल का? परत सगळं पातेल्यात घालून एक कढ दिला तर?

अर्धवट_केमिस्ट

नाही. प्रोपिऑनिकचा उत्कलनबिंदू १४१ अंश आहे, पाणी आधी उडेल आणि तुझ्याकडे काकवी उरेल. वाफेबरोबर थोडं जातं पण स्वयंपाकघराला जो वास लागेल तो वेगळा.

वाचवायचं असेल तर उलट दिशेने जा. खाण्यालायक कॅल्शियम कार्बोनेट घे, चमचा चमचा टाक, ढवळ, थांब, पीएच बघ, ५.५ पर्यंत आण. एकदम ओतू नकोस, फेस येऊन पिंपाबाहेर येईल (ओतू नकोस असं सांगूनही लोक ओततात म्हणून दोनदा सांगतोय). मग नवीन यीस्ट चाळीसेक ग्रॅम, पण थेट भुरभुरायचं नाही. वेगळ्या भांड्यात लिटरभर साध्या साखरपाण्यात ते जोमात येऊ दे, मग त्यात तुझा वॉश अर्धा लिटर घाल, फसफसत राहिलं की अजून लिटर, असं दर दोन तीन तासांनी वाढवत ने आणि शेवटी सगळं मोठ्या पिंपात. पोहायला न येणाऱ्याला विहिरीत ढकलायचं नाही, पायरी पायरीने उतरवायचं. आणि ५.५ ला जिवाणूंना पण रान मोकळं होतं त्यामुळे यीस्टची फौज मोठी लागते, ते आधी पोचलं पाहिजे.

नत्र घातलंस का काही? मळीत साखर आहे पण यीस्टला लागणारं नत्र आणि फॉस्फेट कमी असतं. डीएपी म्हणजे डायअमोनियम फॉस्फेट, लिटरला अर्धा ते एक ग्रॅम. पण युरिया नको, स्वस्त असला तरी. यीस्ट युरिया खातं हे खरं, पण खाऊन उरलेला युरिया आणि अल्कोहोल एकत्र तापले की इथाइल कार्बामेट तयार होतं, कॅन्सरवर काम करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००७ मध्ये त्याला "माणसात बहुधा कर्करोगकारक" या २ए गटात टाकलंय. म्हणूनच ताईंनी म्हटलं तसं युरियावाली मळी असेल तर ती आंबेल अगदी झकास, कदाचित साध्या मळीपेक्षा भारी आंबेल, तरी घेऊ नये. आंबतंय म्हणजे चांगलं आहे असं नसतं.

शंकेखोर

एवढं सगळं करण्यापेक्षा साखर स्वस्त पडली असती की.

दुसरी_धार

साखरेची रम कशी लागते माहितीय का शंकेखोरबुवा, गरम पाण्यात पेन्सिल बुडवल्यासारखी. मळीत जी घाण म्हणतो ना आपण, तिच्यातच चव असते. १७ व्या शतकात बार्बाडोसच्या मळ्यांवर गुलामांकडून ऊस पिळून घ्यायचे तेव्हा मळी म्हणजे टाकाऊ माल, तिच्यातून निघालेल्या पहिल्या दारूला लोक किल-डेव्हिल म्हणायचे, म्हणजे सैतानाला पण मारेल अशी. चव काय असेल विचार करा. पण हे पेय उभंच राहिलंय उरल्यासुरल्यावर, त्यामुळे गुरांची मळी वापरली म्हणून नाक मुरडायचं कारण नाही.

बोका, तुझी केमिस्ट्री केमिस्टबुवांनी केली आता मी हाताची कामं सांगतो कारण मी याच मळीच्या तीसेक बॅच लावल्यात, निम्म्या सांगण्यासारख्या नाहीत.

एक तर मळी निवळून घे. तू नुसती पाण्यात कालवलीस. मी काय करतो, मळी आणि तेवढंच पाणी, ७०-८० अंशावर अर्धा तास ठेवतो, उकळायचं नाही, वरचा चिकट फेस काढतो, आणि रात्रभर झाकून न हलवता ठेवतो. सकाळी तळाला राखाडी चिखलासारखा साका बसलेला असतो. वरची निवळी हळूच काढून घ्यायची आणि साका टाकायचा, जीव तुटतो टाकताना पण टाकायचा. त्यात बराचसा जिप्सम म्हणजे कॅल्शियम सल्फेट असतं, तेच पुढे भट्टीत तळाला खरपुडी धरतं, आणि तुझी भट्टी आतल्या हीटरवर चालत असेल तर त्यावर थर बसून वॉश करपतो. करपलेल्या मळीचा वास एकदा दारूत आला की काही केल्या जात नाही, माझी एक आख्खी बॅच जळक्या टायरसारखी लागत होती, पाहुण्याला दिली तर तो परत आला नाही, म्हणजे उपयोग झालाच म्हणायचा. निवळण्याचा दुसरा फायदा, हा माल खाण्यासाठी म्हणून सांभाळलेला नसतो, टाकी कधी धुतली देव जाणे, तापवल्यावर आधीपासून मुक्काम ठोकून बसलेले जंतू तरी मरतात.

दुसरं, फेस. मळी लई फेसाळते. पिंपाचा चौथा हिस्सा रिकामा ठेव आंबवताना, आणि भट्टीत त्याहून जास्त, नाहीतर काळा फेस थेट नळीतून बाटलीत येतो.

तिसरं, मीटर. हे नवीन लोकांना कोणी सांगत नाही आणि ते बिचारे १.००० ची वाट बघत महिनाभर बसतात. मळीचा वॉश १.००० ला येत नाही. कधीच नाही.

पिंपातला_बोका

हे नवीन आहे मला, मी तर १.००० च धरून चाललेलो. मग संपलं हे कळायचं कसं?

अर्धवट_केमिस्ट

हे मी सांगतो, हिशोब माझ्या आवडीचा आहे. ब्रिक्स म्हणजे साखर नाही, पाण्यात विरघळलेलं सगळं. तुझ्या ५ किलो मळीत ७९.५ टक्के म्हणजे जवळपास ४ किलो घन पदार्थ आहेत, म्हणून मीटर १.०७६ दाखवतो आणि आपण खूश. पण साखर ४८ टक्के म्हणजे २.४ किलोच. उरलेला १.६ किलो म्हणजे क्षार, डिंक, रंग, नाना प्रकारची ॲसिडं, ते यीस्ट खात नाही, ते शेवटपर्यंत तिथेच बसून मीटरला वर ढकलत राहणार. २० लिटरला १.६ किलो म्हणजे लिटरला ८० ग्रॅम, त्याने मीटर १.०३१ च्या आसपास राहील, तयार झालेलं अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं म्हणून त्यातून दहाएक पॉइंट (म्हणजे ०.०१०) कमी कर. तर तुझा शेवट १.०२१ च्या आगेमागे. १.०७६ उणे १.०२१, गुणिले १३१ (अल्कोहोल काढायचा ठरलेला गुणक), म्हणजे सात सव्वासात टक्के अल्कोहोल. त्यापेक्षा जास्त या मळीत नाहीये, कितीही भांडलास तरी.

आणि संपलं हे आकड्यावरून नाही, आकडा दोन दिवस न हलल्यावरून ठरवायचं. अर्थात तुझा १.०६२ पण हलत नव्हता, म्हणून अंदाज आधी कागदावर काढून ठेवायचा. अंदाजाच्या जवळ थांबला तर संपला, लांब थांबला तर अडकला.

कलम_बिलम

प्रवचन देत नाही पण इथे बाकीचे पण वाचतात म्हणून दोन ओळी. बोका राहतो तिथे चालत असेल, पण बहुतेक देशांत वाइन बिअर घरी आंबवायला मुभा असली तरी गाळायला परवाना लागतो आणि विनापरवाना गाळणं हा गुन्हा आहे, दंडच नाही तर तुरुंग पण. न्यूझीलंडमध्ये १९९६ पासून स्वतःपुरतं गाळायला मोकळीक आहे, असे देश बोटावर मोजण्याइतके. "विकत नाही फक्त पितो" हा बचाव सगळीकडे चालत नाही. आपापल्या ठिकाणचं आधी बघा मग तांब्याची भांडी बघा.

गोठ्यातली_ताई

मला एक सांगा, घरच्या दारूने माणसं आंधळी होतात म्हणतात ते मग या मळीच्या पण होतात का? मी मळी सांगून बसले आणि उद्या कोणाचे डोळे गेले तर मला झोप लागायची नाही.

दुसरी_धार

झोपा ताई. डोळे जातात ते मिथेनॉलने, आणि आंबवताना मिथेनॉल येतं पेक्टिनमधून, म्हणजे फळांच्या सालीगरातून. मळीत पेक्टिन जवळजवळ नसतंच त्यामुळे मिथेनॉल नगण्य. बातम्यांत जी माणसं मरतात ती बहुतेक वेळा कोणीतरी दारूत कारखान्यातलं मिथेनॉल ओतलेलं असतं म्हणून, स्वस्तात डोक्याला चढावी म्हणून. ते गाळून वेगळं होत नाही आणि चाखून कळत नाही.

पण म्हणून पहिली धार प्यायची असं नाही हं. आपल्याकडे "पहिल्या धारेची" म्हणजे काय कौतुक, छाती पुढे काढून सांगतात लोक. अहो भट्टीतून पहिलं जे येतं त्यात ॲसिटाल्डिहाइड आणि इथाइल ॲसिटेट जास्त, म्हणजे नेलपेंट काढायच्या बाटलीचा वास. २० लिटरच्या वॉशला मी पहिले शंभर मिली सरळ काढून टाकतो, चूल किंवा भांडी पुसायला ठेवा हवं तर, आणि त्यापुढचं छोट्या छोट्या बाटल्यांत वेगवेगळं धरतो. दुसऱ्या दिवशी वास घेऊन ठरवतो कुठली ठेवायची. त्याच दिवशी ठरवायला जाऊ नये, नाक थकलेलं असतं आणि माणूस पण. माझ्या नावाचा अर्थ आता कळला असेल.

खरी भीती कशाची असते सांगतो. आगीची. नळीतून गळणारी अल्कोहोलची वाफ हवेत साडेतीन टक्क्यांच्या आतच पेटायला तयार असते, आणि खाली उघडी ज्योत. गार पाणी मध्येच बंद पडलं, कुणाचं लक्ष नव्हतं, खेळ खलास. म्हणून उघडी ज्योत नको, खिडकी उघडी, बाजूला अग्निशामक, आणि चालू भट्टी सोडून फोनवर बोलत गॅलरीत जायचं नाही. दुसरी भीती भांड्याची. जुन्या गाडीचे रेडिएटर, शिशाचं डाग देऊन जोडलेले पाइप, गरम वाफेच्या रस्त्यात प्लास्टिकच्या नळ्या, हे सगळं मी पाहिलंय आणि पाहून उठून आलोय. तांबं किंवा स्टील, बस. मळीला तांबं हवंच, गंधकाचा सडक्या अंड्याचा वास येतो मळीच्या वॉशला तो तांबं धरून ठेवतं.

पिंपातला_बोका

आठ दिवसांनी परत आलोय, रिपोर्ट देतो.

कार्बोनेट घातलं, चमचा चमचा, तरी फेस आला. शेवटी शेवटी पीएच हलायलाच तयार नव्हता, खूप ढवळून दोन तास वाट पाहिल्यावर ५.४ ला पोचला, तिथेच सोडला. यीस्ट वेगळं जोमात आणून केमिस्टबुवांनी सांगितलं तसं पायरी पायरीने वाढवलं, रात्री दोन वाजता उठून वॉश घालत होतो, घरच्यांनी विचारलं बाळ आहे का ते. आणि चाललं! जोरात नाही पण एअरलॉक सुरू झाला, सहा दिवसांत १.०६२ वरून १.०२५ ला आला आणि तिथे थांबला. अंदाज १.०२१ चा होता, म्हणजे थोडं राहिलं.

मधल्या काळात दुसऱ्या दुकानातून दुसरा कॅन आणला, यावेळी चिठ्ठी दुकानातच उभं राहून वाचली, दुकानदाराला वाटलं तपासणीला आलोय. फक्त ऊसाची मळी, दुसरं काही नाही, आणि ही इतकी घट्ट की ओतायला अर्धा तास लागला. तापवून निवळली, साका खरंच निघाला, तीन बोटं. डीएपी १५ ग्रॅम, पीएच ५.२ तसाच ठेवला, तेच २० ग्रॅम यीस्ट. सहा तासांत फेस वर! चार दिवसांत १.०७४ वरून १.०२०. मी नुसता बघत बसलेलो एअरलॉककडे.

आता प्रश्न असा की पहिल्या पिंपाचं काय करू, गाळू का? आणि गाळल्यावर जे उरेल, तो स्पेंट वॉश, जमैकात त्याला डंडर म्हणतात आणि पुढच्या बॅचमध्ये घालतात असं वाचलंय, तो घालू का?

दुसरी_धार

पहिलं पिंप गाळायचं तर वेगळं गाळ, चांगल्यात मिसळू नकोस. प्रोपिऑनिक थोडं वाफेबरोबर येणार, शेवटच्या धारेत जास्त, वास खवट चीजसारखा किंवा घामट मोज्यासारखा, ओळखायला शिकवावं लागत नाही. गंमत म्हणजे तेच प्रोपिऑनिक अल्कोहोलशी जुळलं की इथाइल प्रोपिओनेट होतं, ते फळासारखं वासाला छान लागतं. त्यामुळे मधला भाग कदाचित बरा पण निघेल. मी असतो तर गाळून पाहिलं असतं, पिण्याच्या आशेने नाही, नाक तयार करायला.

डंडर घाल, पण दुसऱ्या पिंपाचा. पाण्याच्या पाचव्या हिश्श्याइतका, त्याहून जास्त नको सुरुवातीला. त्याने चवीला अंग येतं. पहिल्या पिंपाचा डंडर मात्र चुकूनही नको, त्यात उरलेलं प्रोपिऑनिक परत नव्या वॉशमध्ये जाणार, वर डंडर स्वतः आंबट, पीएच खाली, आणि तू परत इथे येऊन विचारणार की मंडळी वॉश अडकलाय.

शंकेखोर

किती निघेल शेवटी एवढ्या उठाठेवीतून?

अर्धवट_केमिस्ट

२० लिटर, सात टक्के, म्हणजे कागदावर १.४ लिटर शुद्ध अल्कोहोल. पुढचं मागचं टाकून, भट्टीत राहिलेलं सोडून, ४० टक्क्यांवर आणलेली चांगली रम दोन लिटर मिळाली तर बोक्याने पेढे वाटावेत. आणि ती पण लगेच पिऊ नको, ओकच्या तुकड्यांवर काही महिने राहू दे, आत्ता ती नुसती तापट असेल.

गोठ्यातली_ताई

तो जुना कॅन उरलाय ना अर्धा, फेकू नका, कुणाच्या तरी गाईंना द्या, त्यांच्यासाठीच होता. आणि ते गाळून उरलेलं काळं पाणी कुणी गुरांना घालतो म्हणालं तर आधी विचारा, कारण त्यात पोटॅशियम एवढं असतं की जास्त झालं तर गोठा धुवायला तुम्हालाच बोलावतील. मेंढ्यांना तर थेंबभर पण नको. तुम्ही तांब्याच्या भांड्यात गाळणार ना, मेंढीला तांबं सोसत नाही, यकृतात साठत जातं आणि एक दिवस उभी उभी पडते.

पिंपातला_बोका

मेंढ्या नाहीत ताई, शेजारी दोन गाई आहेत. कॅन सकाळीच देऊन आलो. त्यांनी विचारलं एवढी महाग मळी फुकट का देताय, मी म्हटलं महाग??